जरीची कुडती की जिरहची?

मेढ्याहून केळघरचा घाट चढला की महाबळेश्वर लागते आणि पुढे आंबेनळीच्या वाटेवर प्रतापगड उभा राहतो. हा सारा जावळीचा मुलूख. १६५६ मध्ये शिवरायांनी तो चंद्रराव मोऱ्यांकडून घेतला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी येथेच अफजलखानाची भेट झाली. आजही शिवप्रतापदिनी गडावर मावळ्यांच्या वेशातले तरुण दिसतात. पुष्कळदा तो वेश भाड्याचा असतो. चकचकीत पॉलिएस्टर, यंत्राची शिवण आणि एका धुण्यात काळी पडणारी किनार.

गतकाळ अशा रीतीने अंगावर चढवण्याची हौस इतरत्रही आहे. कॅलिफोर्नियात १९६६ मध्ये ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ सुरू झाली, इंग्लंडमध्ये १९६८ मध्ये ‘सील्ड नॉट’. ही दुसरी मंडळी ज्या यादवी युद्धाचे प्रसंग उभे करतात, ते शिवरायांच्या बालपणी आणि किशोरवयात लढले गेले. तेथील जाणकार हौशी शिवण्याआधी एक प्रश्न विचारतो : याला आधार काय?

प्रतापगडाच्या वेशापुरता एक आधार कृष्णाजी अनंत सभासदाचा. त्याने १६९४ मध्ये, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बखर लिहिली, म्हणजे प्रसंगानंतर पस्तीस वर्षांनी. डोईस मंदील, पायांत चोळणा, कसलेली कास, हाती बिचवा आणि वाघनख, असा तपशील तो देतो. अंगात मात्र कुडती आहे आणि तिचे विशेषण ‘जरीची’ असे वाचले जाते.

गोम या विशेषणात आहे. फारसीत ‘जर’ म्हणजे सोने. ‘जिरह’ म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत. मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा भेद नाही आणि काने-वेलांट्याही अनेकदा गळतात, त्यामुळे एकाचे दुसरे होण्यास वेळ लागत नाही. ‘जिरेटोप’ या शब्दातला ‘जिरे’ हाही हाच जिरह. बाजारात त्याच नावाने विकली जाणारी मोत्यांची मखमली टोपी पाहून हे कोणाच्या ध्यानात येणार?

शब्दकोश येथवर आणून सोडतो. पुढची वाट हाताने काम करणाऱ्याची आहे.

कड्यांची कुडती करणारा लोखंडी तार सळईभोवती गुंडाळतो, वेटोळी कापतो आणि प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवतो. पूर्ण कुडतीला दहा हजारांहून अधिक कड्या लागतात. नुसती तोंडे जुळवलेली कडी जोरात ताणली की उघडते, म्हणून चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीला बारीक रिबीट ठोकलेला असे. महिनोन्‌महिने हे काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पुस्तकाशिवाय कळते. तिरपे आलेले पाते कड्यांवरून घसरते. सरळ खुपसलेले टोक मात्र कडी फोडू शकते, आणि जमदाडाचे टोक जाड ठेवत ते त्यासाठीच.

आता बखर पुन्हा उघडावी. खानाने कुशीत जमदाड चालवली, ती कुडतीवर खरखरली आणि अंगास लागली नाही, असे सभासद सांगतो. खरखर हा घसरण्याचा आवाज आहे. कलाबतूची भरजरी वीणही थोडी खरखरेल, पण ती पाते अडवणार नाही. मिठीत जखडलेल्या माणसाच्या कुशीवर वार तिरपाच बसण्याचा संभव अधिक. त्यामुळे ‘जिरह’ हे वाचनच प्रसंगाशी जुळते.

वेश करणाऱ्याचे काम मात्र येथून वाढते. कड्यांचे सात-आठ किलो ओझे खांद्यांवर लोंबते. कंबर आवळली की त्यातले बरेच कमरेवर उतरते. कास कसल्याचा उल्लेख असा एकदम व्यवहारी होतो. चिलखत झाकायचे तर वरचा अंगरखा छातीवर आणि काखेत ऐसपैस बेतावा लागतो, नाहीतर हात उचलताच कापड ताणून खालच्या कड्या उमटतात. रंगासाठी नीळ, मंजिष्ठ, आल, कुसुंबा. झगझगीत कृत्रिम जांभळा प्रथम १८५६ मध्ये लंडनला तयार झाला, तेव्हा तो बाजूलाच ठेवावा. बेत ठरवताना गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी रंगवलेली आणि डच संग्रहांत गेलेली शिवरायांची चित्रे पाहावीत. एक चित्र आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यातला पायघोळ जामा आणि कमरेचा पटका चित्रपटांतल्या पोशाखापेक्षा कितीतरी साधा आहे.