काळ्या पाषाणाची कुळकथा

चकलीची भाजणी हल्ली गिरणीतून दळून येते. परंतु पाटा-वरवंटा खानदेशातल्या पुष्कळ घरांतून अद्याप हललेला नाही. त्यावर ठेचा वाटताना दगडाकडे निरखून कोण पाहतो? धुळ्याजवळचा लळिंगचा डोंगर त्याच दगडाचा, जळगावकरांच्या शेजारची अजिंठ्याची लेणी त्याच दगडात कोरलेली. हा काळा पाषाण पाण्यातून निपजला की अग्नीतून, या प्रश्नावर दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले पंडित हमरीतुमरीवर आले होते, असे सांगितले तर वाचकांना गंमत वाटेल.

त्या वादाची एक गादी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, फ्रायबेर्गच्या खाणविद्येच्या पाठशाळेत होती. १७७५ पासून तेथे आब्राहाम वेर्नर शिकवीत असे. बहुतेक खडक एका आदिसागराच्या तळाशी साचून झाले, आणि बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाणही, त्यातलाच, हे त्याचे सूत्र. ज्वालामुखी म्हणजे भूगर्भातल्या कोळशाला लागलेली आग. त्याला यापेक्षा अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही, असे तो सांगे. त्याची वाणी अशी रसाळ की, देशोदेशीचे विद्यार्थी ऐकायला येत. स्वतः गुरुजी मात्र सॅक्सनीबाहेर फारसे हिंडलेले नव्हते!

१७९० साली सोळा वर्षांचा लिओपोल्ड फॉन बूख या गुरुगृही दाखल झाला. पुढे जगद्विख्यात झालेला आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट त्याचा सहाध्यायी आणि जन्माचा स्नेही. बूख घरचा सुखवस्तू. नोकरीची विवंचना नाही, लग्नाचे बंधन नाही. हातोडा घ्यावा, कोटाचे खिसे दगडांनी भरावेत आणि पायी चालत सुटावे, हाच त्याचा आयुष्यक्रम. इटली झाली, नॉर्वे झाला, लॅपलँड झाला.

१८०२ साली तो फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात गेला. तेथे विझलेल्या ज्वालामुखींची रांगच आहे. एखाद्या मुखापासून निघालेला काळ्या पाषाणाचा ओघ पावलागणिक दाखवता येतो. आणि त्या डोंगरांच्या तळाशी काय? कणाश्म, ग्रॅनाइट! कोळशाचा मागमूस नाही. मग आग कशाला लागली?

बूखची त्या वेळची अवस्था मला फार हृद्य वाटते. डोळ्यांनी पाहिलेले नाकारता येईना, आणि गुरूचे बोट सोडवेना. फ्रान्समधला पाषाण अग्निजन्य खरा, पण म्हणून जर्मनीतलाही तसाच असे लगेच कसे म्हणावे, अशा पेचात तो काही काळ अडखळला. अखेर हळूहळू त्याने अग्नीचा पक्ष घेतला. १८१५ साली कॅनरी बेटांवर जाऊन त्याने ज्वालामुखींचा कसून अभ्यास केला. मात्र खालून रेटा येऊन जमीन फुगते आणि त्यातून ज्वालामुखीचे डोंगर होतात, ही त्याची स्वतःची उपपत्ती पुढे चुकीची ठरली; ती मात्र त्याने सोडली नाही. गुरूची चूक दिसली, आपली दिसली नाही! तरी त्या कॅनरी बेटांवरील ग्रंथात, प्रकार बदलत बदलत कायमच्या जाती होतात, असे त्याने लिहून ठेवले आणि डार्विनने त्याची आदराने नोंद घेतली.

उत्तरायुष्यात बूख शंखशिंपल्यांकडे वळला. अमोनाइट नावाच्या गुंडाळ्या-गुंडाळ्यांच्या प्राचीन शंखांवर ज्या नागमोडी रेषा असतात, त्यांवरून त्याने त्यांचे वर्ग पाडले. ठरावीक थरातच सापडणारा शिंपला त्या थराची ओळख पटवतो, हा विचार त्याने रूढ केला. १८५३ साली तो बर्लिनला वारला.

त्याच सुमारास विल्यम ब्लॅनफर्ड नावाचा तरुण इंग्रज त्याच फ्रायबेर्गच्या पाठशाळेत वर्षभर शिकला आणि १८५५ साली हिंदुस्थानच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात दाखल झाला. तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांची त्याने पाहणी केली. तिचा वृत्तान्त १८६९ साली छापला गेला. प्राणी-पक्ष्यांचाही तो मोठा जाणकार. मोहिमेवर असताना दगड आणि पाखरे दोन्ही टिपायचा. खानदेशचा पाषाण उघड्या जमिनीवर, थरावर थर असा लाव्हा पसरून झाला आहे, हा त्याचा निष्कर्ष. दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे अवशेष सापडतात. म्हणजे दोन उद्रेकांमध्ये तळी साचण्याइतकी उसंत मिळे. नर्मदेकाठच्या बाघ भागात या पाषाणाखाली सागरी शंखशिंपल्यांचे थर आहेत. त्यांचा काळ कळला की वरचा पाषाण त्याहून अलीकडचा, हे कळतेच. बूखचे शिंपले असे आपल्या कामी आले! आता हे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे धरतात. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेचे वोलास्टन पदक बूखला १८४२ साली मिळाले, ब्लॅनफर्डला १८८३ साली.

या दगडाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायऱ्या. संध्याकाळी धुळ्याहून लळिंगकडे पाहिले की डोंगराच्या कडेला त्या मोजता येतात. आणि नंदुरबारच्या रस्त्याला लागल्यावर शेताशेतांतून काळ्या दगडांच्या भिंतींसारख्या लांबच लांब रांगा दिसतात, त्या कुणी बांधलेल्या नाहीत. ज्या भेगांमधून रस वर चढला, त्या भेगांतच तो थिजला. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंती उभ्या राहिल्या. अशा दोनशेवर भिंती अभ्यासकांनी मोजल्या आहेत. वेर्नरला एकदा त्यांच्यापुढे उभे करायला हवे होते.