मॅट्रिक्सचे स्तंभ: डोनेटएमएलमध्ये उभी मांडणी कशी करतात?

डोनेटएमएल ही संवादी गणिती दस्तऐवज लिहिण्याची खूणभाषा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून पुढे आलेल्या डोनेट या मुक्त शिक्षण प्रकल्पात ती वापरली जाते. 'संवादी' म्हणजे वाचणाऱ्याने पानावरचा एखादा आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले समीकरण, आलेख आणि उत्तर तिथल्या तिथे बदलते. या भाषेत मॅट्रिक्स (मराठीत आव्यूह) दोन प्रकारे लिहिता येते: आडव्या ओळींनी किंवा उभ्या स्तंभांनी. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

लिहिण्याची रीत अगदी साधी आहे. आधी 'मॅट्रिक्स' ही खूण उघडायची. तिच्या पोटात 'कॉलम' ही खूण उघडून त्या स्तंभातले आकडे वरून खाली या क्रमाने, मध्ये मोकळी जागा सोडून लिहायचे आणि खूण बंद करायची. जितके स्तंभ, तितक्या वेळा हेच. 'कॉलम'च्या जागी 'रो' लिहिले तर तेच आकडे आडव्या ओळी म्हणून बसतात. फरक एका शब्दाचा, पण मॅट्रिक्स पूर्ण वेगळी होते.

स्तंभासाठी स्वतंत्र खूण असणे ही वाटते तितकी सामान्य गोष्ट नाही. वेबवर गणित दाखवणाऱ्या मॅथएमएलमध्ये, ज्याला १९९८ मध्ये वेबच्या मानकाचा दर्जा मिळाला, तक्ता ओळींचा आणि ओळ घरांची बनते. उभा स्तंभ लिहायला तिथे खूणच नाही. लाटेक्समध्येही एक ओळ संपवून पुढची सुरू करावी लागते. कागदावर आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्याचीच ही सवय. प्राचीन चीनच्या 'नऊ अध्याय' या गणितग्रंथात मात्र एकसामयिक समीकरणे मोजकाड्यांनी उभ्या स्तंभांत मांडलेली आहेत. तिथे एक स्तंभ म्हणजे एक समीकरण.

दहावीचे क्रेमर आणि स्तंभ

मराठी वाचकाची स्तंभांशी पहिली खरी गाठ बहुधा दहावीत पडते. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर कार्यालय असलेल्या बालभारतीच्या 'गणित भाग १' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे आणि त्यात निश्चयक व क्रेमरची पद्धती येते. जिनिव्हाच्या गॅब्रिएल क्रेमर यांनी ही पद्धत १७५० मध्ये प्रसिद्ध केली. मुले ती 'डी, डी-एक्स, डी-वाय' अशी पाठ करतात. पण पाठांतर बाजूला ठेवले तर ती पूर्णपणे स्तंभांची अदलाबदल आहे: ज्या चलाची किंमत हवी, त्याच्या सहगुणकांचा स्तंभ काढायचा आणि तिथे स्थिरपदांचा स्तंभ बसवायचा.

उदाहरण घेऊ. दोन वडापाव आणि तीन चहा यांचे ७० रुपये झाले. चार वडापाव आणि एक चहा यांचे ९० रुपये. वडापावची किंमत 'व' आणि चहाची 'च' धरली तर

२व + ३च = ७०
४व + १च = ९०

'व'चा स्तंभ २, ४. 'च'चा स्तंभ ३, १. स्थिरपदांचा ७०, ९०. डी = २×१ − ३×४ = −१०. पहिला स्तंभ बदलून ७०×१ − ३×९० = −२००, म्हणून वडापाव २० रुपये. दुसरा स्तंभ बदलून २×९० − ७०×४ = −१००, म्हणून चहा १० रुपये.

डोनेटएमएलमध्ये हे लिहिताना तीन स्तंभ तीन 'कॉलम' खुणांत जसेच्या तसे उतरतात. डी-एक्ससाठी पहिल्या 'कॉलम'मध्ये स्थिरपदे टाकायची, दुसरा तसाच ठेवायचा. हेच ओळींनी लिहायला गेले तर प्रत्येक ओळीतला एकेक आकडा शोधून बदलावा लागतो.

न दिसणारी चूक

आता समजा, लिहिणाऱ्याने 'कॉलम'ऐवजी सवयीने 'रो' लिहिले. '२ ४' ही पहिली ओळ झाली, '३ १' ही दुसरी. म्हणजे मॅट्रिक्स आडवी-उभी उलटली. डी काढून पाहिला तर २×१ − ४×३ = −१०, आधी होता तेवढाच! ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल केली तरी निश्चयकाची किंमत बदलत नाही, हा नियमच आहे. त्यामुळे डी जुळला म्हणून निर्धास्त होणारा इथे फसतो. पुढे ७० आणि ९० पहिल्या स्तंभात टाकल्यावर ७०×१ − ४×९० = −२९० मिळतात आणि वडापाव २९ रुपयांचा होतो. दुसऱ्या स्तंभात टाकल्यावर २×९० − ७०×३ = −३० आणि चहा ३ रुपयांचा. पुण्यात आज ३ रुपयांना चहा मिळत नाही, एवढ्यावरूनच शंका यावी; पण निव्वळ आकड्यांत काही खटकत नाही. अपूर्णांक नाही, ऋण किंमत नाही. कारण हे उत्तर खरोखरच बरोबर आहे, फक्त वेगळ्या प्रश्नाचे: दोन वडापाव आणि चार चहा ७० रुपये, तीन वडापाव आणि एक चहा ९० रुपये.

पडताळा एकच. मिळालेल्या किमती मूळ समीकरणात घाला. २×२९ + ३×३ = ६७, ७० नव्हे.

चौरस मॅट्रिक्समध्ये ही चूक लपते, आयताकृतीत लपत नाही. म्हणून सहगुणक आणि स्थिरपदे मिळून तीन स्तंभांची एकच मॅट्रिक्स आधी पानावर दाखवणे सोयीचे. ती दोन ओळी आणि तीन स्तंभांची दिसली पाहिजे. तीन ओळी आणि दोन स्तंभ दिसले, की खूण चुकली हे नजरेलाच कळते.

आकड्यांच्या जागी नावे

संवादी दस्तऐवजात स्तंभांचा खरा फायदा पुढे आहे. सहगुणकांसाठी आणि स्थिरपदांसाठी वाचकाने भरायची चौकट ठेवता येते आणि प्रत्येक चौकटीला नाव देता येते. मग 'कॉलम'मध्ये आकडा न लिहिता डॉलरचे चिन्ह लावून ते नाव लिहायचे. ९० चे ११० केले, की ते नाव जिथे जिथे आहे तिथला स्तंभ आपोआप बदलतो: डी-एक्समधला पहिला आणि डी-वायमधला दुसरा. डीमध्ये मात्र काहीच हलत नाही, कारण स्थिरपदे त्यात नाहीतच. फळ्यावर हे दाखवायला निश्चयक पुसून पुन्हा लिहावे लागतात. इथे विद्यार्थी दोन-चार वेळा आकडे बदलतो आणि कोणता स्तंभ हलला, कोणता नाही, हे स्वतः बघतो.