संक्रांत, उत्तरायण आणि कृत्तिका



संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर जाताना आपण म्हणतो, आज उत्तरायण लागले. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. हे तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर पडले कसे?

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. त्याची एक फेरी पुरी व्हावयास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. त्यामुळे दिवस-रात्र समान असताना सूर्य ज्या नक्षत्रात दिसतो, ती जागा, म्हणजे संपात, ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकते. दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी संक्रांत व उत्तरायण जवळजवळ एकत्र येत. पंचांगाने नक्षत्रे धरून ठेवली. ऋतू अलीकडे सरकले.

या गतीचा इतिहासासाठी उपयोग आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकाने करून दाखविला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे. आज त्या पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेस उगवतात. त्या ठीक पूर्वेस उगवत तो काळ दीक्षितांनी काढला, इसवी सनापूर्वी सुमारे ३०००. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला. टिळकांनीही १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये मृगातील संपातावरून वेदकाळ मोजला होता.

गिरणीचे घड्याळ मागे पडले तर कोणी सूर्याला दोष देत नाही, घड्याळ लावतात. २२ मार्च १९५७ पासून सरकारने ऋतूंना धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली; सण मात्र जुन्याच गणिताने चालतात. पूर्वजांनी डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले. त्यांचा मान राखावयाचा तर आपणही वर पाहिले पाहिजे.