हे विमान कोणाचे? प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांमागचा मोठा प्रश्न

थ्रेड. ६ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने युद्ध पुकारून जेमतेम तीन दिवस झाले होते. सकाळी शत्रूची विमाने येत असल्याची खोटी वर्दी मिळाली आणि ७४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या स्पिटफायर विमानांनी आकाशात दिसलेली दोन विमाने पाडली. ती जर्मन नव्हती. ती ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे आपल्याच वायुदलाची हरिकेन होती.

एक वैमानिक वाचला. दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरप, ठार झाला. त्या युद्धात मरण पावलेला हा पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि तो स्वकीयांच्या गोळ्यांनी गेला. या घटनेला पुढे ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असे उपरोधिक नाव पडले.

मित्रहो, आजचा विषय आहे जुन्या लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती. त्याची सुरुवात एका अपमृत्यूने करण्याचे कारण असे की या छंदाचे प्रमाण, त्याचे साहित्य आणि त्यातले रंगकाम यांचा बराचसा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो : समोरचे विमान कोणाचे?

आधी प्रमाण पाहू. या छंदात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:७२. हा ७२ आकडा विचित्र वाटतो, पण फूट-इंचांच्या हिशेबात तो सरळ आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हा सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९३२ साली जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी विमानांचे संच ब्रिटनमध्ये आणले, ते याच प्रमाणात.

चार वर्षांनी, १९३६ साली, ‘फ्रॉग’ या ब्रिटिश छापाखाली ‘पेंग्विन’ मालिका निघाली. फ्रॉगची आधीची विमाने खरोखर उडत. ही नवी नुसती मांडून ठेवायची, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव! ती सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकची होती. हा पदार्थ काळाच्या ओघात वाकडातिकडा होतो. त्यामुळे आज एखादा जुना पेंग्विन संच हाती आला तरी त्याचे पंख सरळ असतीलच असे नाही.

मग युद्ध आले आणि खेळणे शस्त्रागारात गेले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेचे नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी देशभरच्या शाळांकडे मागणी केली : पन्नास प्रकारच्या विमानांच्या पाच लाख प्रतिकृती करून द्या. प्रमाण १:७२, साहित्य लाकूड, रंग काळा. काळा अशासाठी की वर उडणारे विमान खालच्या माणसाला रंगाने कळत नाही, आकृतीने कळते.

यातले गणित साधे आहे. १:७२ ची प्रतिकृती दहा मीटरवर टांगली, तर ती ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. एका खोलीत, छताला दोरा बांधून, तोफचीला आकाश शिकवता येते. पुढे शिकागोच्या ‘क्रूव्हर’ कंपनीने हेच काम प्लॅस्टिकमध्ये केले. शाळकरी पोराने सुतारकामाच्या तासाला घासलेला लाकडी तुकडा पाहून कोणी तोफची शिकला असेल आणि ऐन वेळी त्याने चाप ओढायचा थांबवला असेल. अशा न घडलेल्या मृत्यूंची नोंद कोणत्याच दप्तरात राहत नाही.

युद्धानंतरची कथा अधिक परिचित आहे. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली ब्रिटनमध्ये ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली होती. आधी हवा भरायची रबरी खेळणी, मग कंगवे. १९५० च्या दशकात पॉलिस्टायरीन साच्यात दाबून घातलेले संच वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळू लागले. त्यातल्या पहिल्यावहिल्या स्पिटफायरचा आकार पुरता चुकलेला होता, हे जाणकार अजून हसत सांगतात. पण मुलांच्या खिशाला परवडणारा इतिहास प्रथमच बाजारात आला होता, आणि त्याचे प्रमाण होते तेच, १:७२.

आता जुळणी. ती मी थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यात कौशल्य आहे, वाद फारसा नाही. सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात. ते कापून काढायचे. या कामाचा गोंद चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. सांध्यांत लांबी भरायची, वाळली की पॉलिशपेपरने पाण्यात घासायची, मग प्रायमरचा एक हात. जुन्या संचांवर रिव्हेट उठावाने कोरलेले असत. अर्धा मिलिमीटर रुंदीचा उंचवटा खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा होईल! एवढ्या जाड खिळ्यांचे विमान धावपट्टी सोडणार नाही. म्हणून पुष्कळ जण ते घासून टाकतात.

खरा इतिहास रंगाच्या डबीपाशी सुरू होतो.

युद्धाच्या आरंभी ब्रिटिश लढाऊ विमानांचे पोट अर्धे काळे व अर्धे पांढरे रंगवलेले असे. कारण तेच : खालून पाहणाऱ्याला आपले विमान ओळखू यावे. जून १९४० मध्ये ही पद्धत मागे पडून ‘स्काय’ नावाची फिकट हिरवट छटा आली. म्हणजे डंकर्कच्या आधीचे हरिकेन आणि ब्रिटनच्या लढाईतले हरिकेन, यंत्र एकच असले तरी पोटाचा रंग वेगळा. तारीख ठरवल्याशिवाय ब्रश उचलताच येत नाही.

याहून बोलके उदाहरण नॉर्मंडीचे. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर छत्रीधारी सैनिक घेऊन निघालेल्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ विमाने गमावली गेली, आणि ती पाडणाऱ्या तोफा मित्रराष्ट्रांच्याच होत्या. तो धडा घेऊन जून १९४४ च्या स्वारीआधी हजारो विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढले गेले : तीन पांढरे, मध्ये दोन काळे. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा. १:७२ मध्ये तो पाव इंचाचा, म्हणजे सहा मिलिमीटरहून किंचित जास्त.

गुपित फुटू नये म्हणून हुकूम अखेरच्या क्षणी निघाला. मिळेल त्या कुंचल्याने, घाईघाईत, पुष्कळ ठिकाणी नुसत्या हाताने पट्टे मारले गेले. छायाचित्रांत त्यांच्या कडा थरथरलेल्या दिसतात. आपण मात्र मास्किंग टेप लावून सुरीसारख्या धारदार कडा काढतो आणि स्पर्धेत पारितोषिक घेतो. माझे मत स्पष्ट आहे : अशा विमानावर थोडे ओबडधोबड काम हेच प्रामाणिक काम.

हाच प्रश्न आपल्या पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, वेगळ्या रूपात उभा राहिला. जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असे. ब्रिटिश निशाणीच्या मध्यभागीही लाल ठिपका होता. घाईत, दुरून, दोन्ही एकच. अमेरिकेने मे १९४२ मध्येच आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढून टाकला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या निशाणीतूनही लाल रंग गेला आणि पुढे गडद निळ्यात फिकट निळे अशी लहान वर्तुळे आली. शेपटीवरच्या पट्ट्यातूनही लाल हटला.

१९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वायुदलाचे १ क्रमांकाचे स्क्वाड्रन हरिकेन उडवत होते. ते विमान करायचे तर ब्रिटनच्या लढाईच्या संचातली लाल ठिपक्याची डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे, उपयोगाची नाहीत. ती लावली तर आपण नकळत त्या वैमानिकांना आपल्याच तोफांच्या तोंडी देतो.

मग छायाचित्र पाहून रंग ठरवावा, असे कोणी म्हणेल. पण त्या काळच्या काही फिल्म लाल-पिवळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यांवर लाल काळा दिसतो, आणि निशाणीभोवतीचे पिवळे कडेही काळपट उमटते. पहिल्या महायुद्धातल्या रिश्टहोफेनच्या विमानांपैकी कोणते किती लाल होते, यावर अजून वाद चालतात ते यामुळेच. संग्रहालयातले विमान पाहावे, तर त्यावरही मागाहून रंगाचे अनेक हात चढलेले असतात. छायाचित्र, वैमानिकाची नोंदवही, रंगाचा अधिकृत हुकूम आणि पत्र्याखाली उरलेला एखादा मूळ टवका : चारही साक्षी ताडून पाहाव्यात, आणि हुकूमनाम्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. हुकूम कचेरीत लिहिला जातो, रंग धावपट्टीच्या कडेला लागतो.

भारतीय विमाने करू पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. ‘नॅट’ म्हटले की दुकानात बहुधा ‘रेड ॲरोज’चे लाल, दोन आसनी प्रशिक्षण विमान समोर येते. १९६५ मध्ये लढलेले आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजित सिंग सेखों यांनी उडवलेले नॅट एक आसनी होते. त्याचे पंख लहान, नाक वेगळे. लालवर हिरवा-करडा रंग फासून ते होत नाही. तसेच मिग-२१ चे. आपल्या ओझरला बांधणी झालेल्या या विमानांवर १९७१ च्या युद्धासाठी चमकत्या पत्र्यावर तातडीने छद्मरंग चढवले गेले. तेव्हा ‘भारतीय मिगचा रंग कोणता’ असे विचारू नका. कोणत्या स्क्वाड्रनचे आणि कोणत्या महिन्यातले, ते विचारा.

आणि १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातले टेम्पेस्ट करायला घेतलेत, तर केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळे लावू नका. ती २६ जानेवारी १९५० पासूनची. त्याआधीच्या त्या थोड्या काळात आपल्या विमानांवर निळे अशोकचक्र होते. त्याचे चोवीस आरे १:७२ मध्ये हाताने काढायचे, तर सर्वांत बारीक ब्रश, भिंग आणि एक अख्खा रविवार बाजूला काढून ठेवा.