सीटी स्कॅनची कुळकथा: आधी डोकं, मग छाती

करोनाच्या काळात मुंबई-गोवा महामार्गावरच्या पेण, वडखळ, गडबपासून थेट विदर्भापर्यंत माणसं एकमेकांना एकच विचारत होती, ‘स्कोअर किती?’ पंचवीसपैकी सात म्हटलं की घरच्यांच्या जिवात जीव यायचा, अठरा म्हटलं की बेडसाठी धावाधाव. छातीच्या एचआरसीटीला, म्हणजे बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनला, इतकी मागणी आली, की सप्टेंबर 2020मध्ये राज्य सरकारने यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपये असे कमाल दर ठरवून दिले. पण सीटी स्कॅनचं यंत्र छातीसाठी जन्मलंच नव्हतं.

छातीची सोय आधीच झाली होती. 1895मध्ये राँटजेनला क्ष-किरण सापडले. फुप्फुसात हवा असते आणि हवा हे किरण फारसे अडवत नाही. त्यामुळे प्लेटवर फुप्फुस काळं येतं आणि त्यात क्षयाचा डाग पांढरा उठून दिसतो. मेंदूत हवा नाही, वर कवटीचं हाड. गाठ आणि निरोगी भाग साध्या फोटोत सारखेच. मग अमेरिकेतले शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1918-19मध्ये मेंदूच्या पोकळ्यांतच हवा भरली, कधी कवटीला भोक पाडून, कधी कण्यातून. पोकळी सरकलेली दिसली, की गाठीचा अंदाज यायचा. रुग्णाला मात्र असह्य डोकेदुखी आणि उलट्या. तरी हीच वाट पुढे कित्येक दशकं चालू राहिली.

ती बंद केली डॉक्टरने नव्हे, तर गाण्याच्या तबकड्यांसाठी नावाजलेल्या ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंजिनिअरने. फोटो काढायचा नाही. अनेक कोनांतून किरण सोडून किती अडले ते मोजायचं आणि आतलं चित्र गणिताने उभं करायचं. पहिल्या प्रयोगात नुसत्या मोजमापाला नऊ दिवस लागले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला. 1979मध्ये हाउन्सफील्डना अॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळालं.

त्या पहिल्या यंत्रात फक्त डोकंच मावे. एका फेरीला चार-पाच मिनिटं लागत. डोकं तेवढा वेळ स्थिर राहतं, श्वास थांबत नाही. 1975मध्ये वीस सेकंदांत काम उरकणारं यंत्र आलं, तेव्हा कुठे छातीचा नंबर लागला.

किरण किती अडले हे आकड्यांत सांगणाऱ्या हाउन्सफील्डच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे हजार. फुप्फुस उणे सात-आठशेच्या आसपास, मेंदू अधिक तीस-चाळीस, ताजं रक्त साधारण साठ. महामार्गावर डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव लगेच ओळखू येतो, तो या वीस-तीस आकड्यांच्या फरकामुळे.

करोनातला स्कोअर मात्र या मोजपट्टीवरचा नव्हता. फुप्फुसाच्या पाच खंडांपैकी प्रत्येकाचा किती भाग बाधित आहे, हे रेडिओलॉजिस्ट नजरेने ठरवून पाचपैकी गुण देत. दुसऱ्या डॉक्टरांच्या नजरेत त्यात एक-दोन गुणांचा फरक पडू शकतो. म्हणून स्कोअरच्या जोडीला बोटावरचं ऑक्सिजनचं माप आणि समोरचा रुग्ण पाहावा लागे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रिपोर्टमधून नातेवाइकांपर्यंत पोचायचा तो नुसता आकडा.