नवसफेडीची नोंद : मेक्सिकोतील नवसचित्रे आणि महाराष्ट्रातील नवसपरंपरा

प्रस्तावना

सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाचा इतिहास लिहिताना साधनांची उणीव ही अभ्यासकांपुढील कायमची अडचण आहे. राजे, सरदार व सावकार यांची कागदपत्रे टिकतात; एखाद्या कुणब्याची हरवलेली गाय सापडली, ही घटना दप्तरात क्वचितच शिरते. मेक्सिकोमध्ये मात्र अशा घटनांची चित्रमय नोंद दीर्घकाळ होत आली आहे. नवस बोलणे व फेडणे ही प्रथा महाराष्ट्रातही तितकीच रुजलेली आहे. या दोन परंपरांच्या तुलनेतून नवसाकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेक्सिकोतील नवसचित्रे

नवस पूर्ण झाल्यावर चर्चमध्ये वस्तू किंवा चित्र अर्पण करण्याची युरोपीय कॅथलिक प्रथा स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोत पोहोचली. एकोणिसाव्या शतकात कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्तात मिळू लागला आणि सामान्यांनाही असे चित्र काढून घेणे परवडू लागले. या चित्रांची रचना सहसा ठरलेली असते. वर मेरीमाता अथवा संत, मध्ये संकटाचा प्रसंग आणि खाली मजकूर. मजकुरात नवस करणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, घडलेली हकिकत व आभार असतात. ग्वानाह्वातो प्रांतातील हेर्मेनेहिल्दो बुस्तोस (१८३२–१९०७) हे अशी चित्रे काढणाऱ्यांपैकी विशेष प्रसिद्ध नाव होय. पुढे फ्रीदा कालो व दिएगो रिव्हेरा या चित्रकार दांपत्याने अशी चित्रे संग्रहित केली.

विषयांना येथे मर्यादा नाही. घोड्यावरून पडणे, आजारपण, बाळंतपण यांबरोबर चोरी, दारू, चोरटे प्रेम आणि संतापलेला नवरा हेही चित्रात येतात. संताने प्रियकराला वेळीच पलंगाखाली लपण्याची बुद्धी दिली, असा प्रसंग गंभीर आभारवाक्यांत मांडलेला असतो. विनोद त्या विसंगतीतून निर्माण होतो. मात्र येथे साधनचिकित्सा आवश्यक आहे. अलीकडच्या दशकांतील अनेक विनोदी चित्रे संग्राहक व पर्यटक यांच्यासाठी काढली जातात, त्यामुळे ती सर्व प्रत्यक्ष नवसाची मानता येत नाहीत. दुसरीकडे, जुन्या व खऱ्या चित्रांचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे. होर्हे दुरांद व डग्लस मॅसी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्या मेक्सिकन लोकांचे अनुभव याच चित्रांच्या आधारे अभ्यासले आहेत.

महाराष्ट्रातील नवस : कोणाची आठवण उरली?

महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांच्या नवसांच्या कथा वास्तूंच्या रूपाने टिकल्या. वसईचा किल्ला हाती आल्यास मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरी देवीला केला होता, असे परंपरा सांगते. वसई १७३९ मध्ये जिंकली गेली. पुण्यातील पर्वतीविषयीही अशीच आख्यायिका आहे. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाची व्याधी टेकडीवरील देवीच्या कृपेने बरी झाली आणि त्यातून मंदिर उभे राहिले. हे मंदिर १७४९ मध्ये पूर्ण झाले. एका स्त्रीच्या पायाचे दुखणे आजही पुणेकरांच्या स्मरणात आहे, कारण ती पेशव्यांची आई होती.

सामान्यांचा नवस मात्र मुक्या वस्तूत सामावतो. चांदीचे डोळे, हात, पाय, पाळणा किंवा पितळी घंटा देवाला वाहिली जाते. वांद्र्याच्या माउंट मेरी येथे मेणाचे हात, पाय, बाळ, घर वाहतात आणि वाहणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. पोर्तुगीज अमलातून आलेला हा कॅथलिक वारसा आणि मेक्सिकोचा वारसा यांचे मूळ आयबेरियन आहे. परंतु येथे हकिकत लिहिण्याची रीत रुजलेली दिसत नाही. पाळणा पाहून मूल झाले एवढे कळते. किती वर्षे वाट पाहिली, घरात काय सोसले, हे कळत नाही. देवळाच्या फरशीवर देणगीदाराचे नाव असते, प्रसंग नसतो.

विनोदाची जागा

मराठी परंपरेत नवसाचा विनोद सापडतो तो साहित्यात. संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) ‘रोडगा’ या भारुडातील सून भवानीला रोडगा वाहण्याचे कबूल करते आणि मोबदल्यात सासरच्या एकेका माणसाचा काटा काढण्याची मागणी करते; नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी, येथपर्यंत ती पोहोचते. शेवटी तिला एकटीलाच राहायचे असते. त्यामागील आध्यात्मिक रूपक विकारांपासून सुटण्याचे आहे; तथापि त्यासाठी वापरलेला सासुरवासाचा तपशील रोजच्या जगण्यातला आहे. मेक्सिकन चित्रातील विनोद नवस फळल्यानंतरचा आहे, तर भारुडातील विनोद मागण्यातला आहे. शिवाय चित्रात नवस करणारी व्यक्ती नावानिशी बोलते. भारुडातील सून ही संताने रंगवलेली आहे.

नोंदीचा प्रश्न

मुंबईतील लालबागच्या गणेशोत्सवाचा आरंभ १९३४ मध्ये कोळी व विक्रेते यांनी बाजाराच्या जागेसाठी केलेल्या नवसातून झाला, असे सांगितले जाते. कष्टकऱ्यांच्या नवसाची कथा टिकल्याचे हे ठळक उदाहरण आहे. ती टिकली, कारण नवस सामूहिक होता आणि उत्सव दरवर्षी होत राहिला. त्याच ठिकाणी भाविकांनी वाहिलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा उत्सवानंतर जाहीर लिलाव होतो. वस्तूचे वजन व किंमत नोंदली जाते. तिच्यामागची हकिकत वाहणाऱ्याबरोबरच जाते.

नवस हा देवाशी केलेला व्यवहार आहे, अशी टीका संतांनी केली. तुकोबांनी नवसाने अपत्य होते या समजुतीचा उपहास केला. ही टीका योग्यच आहे. मात्र चमत्कार घडला की नाही, हा इतिहासकाराचा प्रश्न नव्हे. माणसाला कशाची भीती वाटली आणि कोणती गोष्ट मिळाल्यावर ती अशक्यप्राय वाटली, हे नवसातून कळते.

समारोप

मेक्सिकोतील पत्र्यावरच्या चार ओळींनी गरीब माणसाला नाव, गाव व तारीख दिली. महाराष्ट्रात ही माहिती अद्याप लोकांच्या स्मरणात आहे. वाहिलेल्या वस्तूंची छायाचित्रे आणि भाविकांच्या संमतीने घेतलेल्या मौखिक नोंदी, एवढे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना परिसरातील देवस्थानांत हाती घेता येण्याजोगे आहे. वस्तू वितळण्यापूर्वी व स्मरण पुसले जाण्यापूर्वी ते होणे अगत्याचे आहे.