जंगलातली तार आणि लिनक्स

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह महानगरांतल्या लोकांसाठी इंटरनेट खुले केले. चंद्रपुरातून वेगळा निघालेला गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम 13 वर्षांचा होता. खेड्यांतला सार्वजनिक फोन त्या काळी बहुधा ‘एमएआरआर’ या रेडिओ यंत्रणेवर चाले, आणि ती यंत्रणा बिघडण्यासाठीच प्रसिद्ध होती. चंद्रपुरातून नेट वापरायचे तर आधी एसटीडी लावायची, म्हणजे पडद्यावर पान उमटण्याआधीच मीटर पळायला लागे.

पुढे सरकारी ‘संचारनेट’ आले. 172ने सुरू होणारा क्रमांक फिरवला की स्थानिक कॉलच्या दरात जोडणी मिळू लागली. लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांच्या दृष्टीने ही सेवा उत्तम होती, कारण पलीकडचे यंत्र जगभर मान्य असलेली पीपीपी पद्धत पाळत असे आणि अलीकडे कोणती प्रणाली आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. अडचण होती ती संगणकाच्या पेटीत. स्वस्त संगणकांत बसवलेले ‘विनमोडेम’ आपले निम्मे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवत. विंडोज काढले की मोडेम मुका! त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे जास्त पैसे मोजून सिरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घेणे. मग ‘डब्ल्यूव्हीडायल’ किंवा ‘केपीपीपी’ या प्रोग्रॅमने जोडणी लागे.

हे सांगणारे जवळपास कोणी नसे. 2001पासून एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा तालुक्यातालुक्यांत पोचली, हजारो मुलांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला आणि ही मोठीच गोष्ट झाली. पण त्या वर्गात संगणक म्हणजे विंडोज. तिथूनच शिकून निघालेल्या दुकानदाराकडून किंवा तंत्रज्ञाकडून वेगळ्या उत्तराची अपेक्षा कशी करणार? लिनक्स या भागात तारेतून कमी आणि तबकडीतून जास्त आले. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत त्याच्या सीडी मिळत. 2005 ते 2011 या काळात उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीची सीडी नुसती मागणी नोंदवली तरी पोस्टाने फुकट घरी येई. जिथे टपाल जाते तिथे लिनक्स जाऊ शकत होते, आणि टपाल तर गडचिरोलीच्या जंगलातल्या भामरागडलाही जाते.

2005च्या जानेवारीत बीएसएनएलचे ‘डेटावन’ सुरू झाले, वेग 256 केबीपीएस. कंपनीच्या मोडेमला अनेकदा दोन तोंडे असत, यूएसबी आणि इथरनेट. यूएसबीला विंडोजचा ड्रायव्हर लागे, तर इथरनेटची वायर लावली की लिनक्सवर काहीही न बसवता नेट चालू होई. ज्याला हा फरक ठाऊक होता त्याला दुसरी कंपनी शोधावी लागली नाही. काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 वापर मोजला जात नसे. त्या वेगाने 700 एमबीची सीडी उतरवायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे एका रात्रीत काम पुरे होत नाही आणि उरलेला तुकडा दुसऱ्या रात्रीवर जातो. अर्धवट फाइल जिथे थांबली तिथून पुढे नेणारी ‘डब्ल्यूगेट’ ही आज्ञा अशा वेळी किती मोलाची होती, ते त्या पिढीला सांगायला नको.

मात्र ही सगळी चैन एक्सचेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या आतली. त्यापलीकडे तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड पोचत नाही, आणि गडचिरोलीतली बहुतेक गावे त्यापलीकडेच आहेत.

मग आले मोबाइल नेटचे डोंगल. लिनक्सच्या संगणकाला लावले की ते मोडेम म्हणून नव्हे, तर विंडोजचे सॉफ्टवेअर भरलेली सीडी म्हणून दिसे. त्याचे रूप पालटायला जर्मनीतल्या जोसुआ डीत्झे यांनी ‘यूएसबी मोडस्विच’ लिहिले. नेट विकणाऱ्या कंपन्यांनी जे करायला हवे होते ते एका माणसाने केले आणि जगाला मोकळेपणाने देऊन टाकले. त्यानंतर बीएसएनएलच्या जोडणीसाठी एपीएनच्या जागी ‘bsnlnet’ हे नाव भरणे एवढेच काम उरले.

डोंगल चालायला मात्र टॉवर हवा. 2014मध्ये केंद्र सरकारने नक्षलग्रस्त भागांसाठी दोन हजारांहून अधिक टॉवर मंजूर केले. ते बीएसएनएलने उभारले, सौरऊर्जेवर चालवले, पण होते टूजीचे: बोलण्यापुरते. 2022च्या एप्रिलमध्ये अशा 2,343 ठिकाणी फोरजी बसवण्याला मंजुरी मिळाली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड अजूनही तुटते, तेव्हा रेंज ही इथे करमणुकीची बाब नाही.

या टॉवरखाली येणारा पहिला संगणक बहुधा अँड्रॉइड फोन असतो, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. चंद्रपुरातल्या फायबर जोडणीत नाव आणि पासवर्ड आता राउटरच भरतो, त्यामुळे मागे कोणती प्रणाली आहे हे कंपनीला विचारावेच लागत नाही. 2025च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यातही गडचिरोलीचे नाव आहे. अशी नवी जोडणी घेताना ग्राहकाने विचारायचा प्रश्न 2005चाच आहे: घरात येणाऱ्या डब्याला इथरनेटचे तोंड आहे का, आणि लॉगिनसाठी कंपनीचे वेगळे सॉफ्टवेअर लागते का?